क्ष सापडतो, ताळाही जुळतो, तरी उत्तर चुकतं: कोनांच्या उदाहरणांतला नेहमीचा घोळ

तक्रार बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते. आकृतीत दोन कोन दिलेले, एकावर (३क्ष + १०)°, दुसऱ्यावर (५क्ष − ३०)°. समीकरण मांडलं, सोडवलं, क्ष = २० आला. ती किंमत परत समीकरणात घातली, दोन्ही बाजू ७० आल्या. सगळं जुळलं म्हणून मागे उत्तर पाहिलं, तर तिथे क्ष = २५. मग बेरीज-वजाबाकी पुन्हा पुन्हा तपासणं सुरू होतं, कारण चूक तिथेच असणार अशी पक्की समजूत. तिथे चूक सापडत नाही, कारण ती तिथे नसतेच.

याच दोन राशी घेऊन बघा. दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि हे कोन समोरासमोर, म्हणजे परस्पर विरुद्ध आहेत असं समजा. विरुद्ध कोन समान, म्हणून ३क्ष + १० = ५क्ष − ३०. यातून २क्ष = ४०, क्ष = २०, दोन्ही कोन ७०°. आता तेच कोन शेजारी-शेजारी, रेषीय जोडीत आहेत असं समजा. बेरीज १८०, म्हणून ८क्ष − २० = १८०, क्ष = २५, कोन ८५° आणि ९५°. दोन्ही वेळा क्ष पूर्णांक, दोन्ही वेळा कोन शून्याहून मोठे, दोन्ही वेळा ताळा चोख. उदाहरण करणाऱ्याने समीकरण अगदी बरोबर सोडवलेलं असतं, फक्त ते दुसऱ्याच आकृतीचं समीकरण असतं.

म्हणून 'उत्तर सुटसुटीत आलं म्हणजे बरोबरच असणार' हा भरवसा आधी सोडा. उदाहरणं तयार करणारे आकडे असे निवडतात की बरोबर उत्तर सुटसुटीत यावं, हे खरं. पण चुकीचं उत्तरही सुटसुटीत येऊ शकतं हे वर दिसलंच. उलट बाजूनेही तेच: क्ष = १२.५ आला म्हणून घाबरून सगळं खोडायचं कारण नाही. अपूर्णांक आला तर शंका घ्यायची, निकाल द्यायचा नाही.

ताळा समीकरणात करू नका, आकृतीत करा

सगळ्यात जास्त उपयोगाची दुरुस्ती हीच आहे आणि तिला अर्धा मिनिटही लागत नाही. क्ष मिळाला की समीकरणाकडे परत जायचं नाही. कच्च्या आकृतीवर प्रत्येक कोनाच्या जागी आकडा लिहायचा, दिलेले नसलेले कोनसुद्धा. मग प्रत्येक सरळ रेषेवरच्या कोनांची बेरीज १८० येते का, प्रत्येक बिंदूभोवती ३६० भरतात का आणि प्रत्येक त्रिकोणात १८० होतात का, ते बघायचं.

वरच्याच उदाहरणात कोन प्रत्यक्षात शेजारचे होते आणि तुम्ही त्यांना समान धरलंत असं समजा. क्ष = २० घेऊन आकृतीत ७० आणि ७० लिहिताच एका सरळ रेषेवर १४० दिसतील. चूक तिथल्या तिथे पकडली जाते. समीकरणात किंमत घालून केलेला ताळा एवढंच सांगतो की समीकरण नीट सुटलं. समीकरण त्या आकृतीचं होतं की नाही, याबद्दल तो काही बोलत नाही. ज्या नात्यावरून समीकरण मांडलं ते सोडून दुसऱ्या एखाद्या नात्याने तपासा, तरच ताळ्याला काही अर्थ.

याच्या जोडीला एक छोटी शिस्त. आकडेमोडीच्या आधी एक ओळ शब्दांत लिहायची: 'हे दोन रेषीय जोडीतील कोन, म्हणून बेरीज १८०' किंवा 'हे संगत कोन, रेषा समांतर दिल्या आहेत, म्हणून समान'. पुष्कळांना ही ओळ गुणांसाठी लिहायची औपचारिकता वाटते आणि ते ती उदाहरण सुटल्यावर मागाहून भरतात. मागाहून लिहिलेलं कारण समीकरणाला शोभेल असंच लिहिलं जातं, त्यामुळे त्यातून काहीच पकडलं जात नाही. आधी लिहिली तर 'कारण काय लिहू?' इथेच हात अडतो, आणि अडायला हवा तो तिथेच.

ताळ्यात फरक आला तर तो फरक वाचा

ताळा जुळला नाही की बहुतेक जण सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करतात. थांबा. किती फरक आला ते बघा, कारण तो आकडा चुकीचा पत्ता सांगतो.

समजा रेषीय जोडीतला एक कोन (२क्ष − ३०)° आहे आणि दुसरा (३क्ष + १०)°. कुणी असं मांडलं: दुसरा कोन = १८० − (२क्ष − ३०). कंस सोडवताना २१० − २क्ष यायला हवं, पण घाईत १५० − २क्ष लिहिलं गेलं. मग १५० − २क्ष = ३क्ष + १०, ५क्ष = १४०, क्ष = २८. आकृतीत भरा: २६ आणि ९४, बेरीज १२०. साठ अंश कमी पडले. साठ म्हणजे तिसाची दुप्पट, आणि कंसात −३० होतंच. चिन्ह उलटलं की फरक त्या संख्येच्या दुपटीने पडतो, कारण जी मिळवायची ती वजा झालेली असते. बरोबर उकल क्ष = ४०, कोन ५०° आणि १३०°.

आता दुसरा प्रकार. ∠अबक चं माप (४क्ष + २०)° आहे. किरण बड हा कोनदुभाजक आहे आणि त्यामुळे झालेला एक भाग (३क्ष − ५)°. अर्ध्याची दुप्पट म्हणजे पूर्ण कोन, म्हणून २(३क्ष − ५) = ४क्ष + २०. कुणी २ ने फक्त ३क्ष ला गुणलं: ६क्ष − ५ = ४क्ष + २०, क्ष = १२.५. आकृतीत भरल्यावर अर्धा कोन ३२.५, त्याची दुप्पट ६५, पण पूर्ण कोन येतो ७०. फरक पाचाचा, म्हणजे गुणायची राहिलेल्या संख्येएवढाच. नीट गुणलं तर ६क्ष − १० = ४क्ष + २०, क्ष = १५, पूर्ण कोन ८०, अर्धा ४०.

थोडक्यात निदान असं करायचं: फरक एखाद्या दिलेल्या संख्येच्या दुप्पट असेल तर चिन्ह तपासा, तेवढाच असेल तर कंसातलं दुसरं पद गुणायचं राहिलं का ते बघा. समीकरणात सगळं जुळतंय पण आकृतीत जुळत नाही, तर आकडेमोडीला हात लावू नका, नातं चुकलंय. दोन-दोन चुका एकत्र झाल्या तर हा नियम कोलमडतो, पण एका उदाहरणात सहसा एकच चूक असते.

एक साधी गोष्ट इथेच उरकतो. प्रश्न कोनाचं माप विचारतो आणि उत्तरात क्ष लिहिला जातो, ही चूक इतकी सर्रास होते की प्रश्नातलं 'काय काढायचं' त्याखाली आधीच रेघ ओढून ठेवावी. क्ष = १५ आणि कोन १५° या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समांतर रेषा: समान की बेरीज १८०?

खरा गोंधळ इथे होतो. दोन समांतर रेषा, त्या दोन्हींना छेदणारी एक रेषा म्हणजे छेदिका, आठ कोन, आणि त्यांच्या जोड्यांना नावं: संगत, आंतरव्युत्क्रम, बाह्यव्युत्क्रम, छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन. नावं पाठ असतात, पण आकृती थोडी तिरकी केली की कोणती जोडी कोणती हे सुचत नाही. यावर झेड आणि एफ या अक्षरांचे आकार शोधायची युक्ती सांगतात. मला ती फारशी पटत नाही. आकृती सरळ असेपर्यंत ती चालते, पण अक्षर उलटं, आरशातलं किंवा आडवं पडलं की शोधणारा नसलेले आकारही शोधून काढतो.

त्यापेक्षा हे करा. दोन छेदनबिंदूंपैकी एक बिंदू, त्याच्या चार कोनांसकट, मनातल्या मनात छेदिकेवरून सरकवत दुसऱ्या बिंदूवर नेऊन ठेवा. रेषा समांतर असल्यामुळे चारही कोन तंतोतंत बसतात. आता बघा तुमचा पहिला कोन कुठे पडला. दुसऱ्या कोनावरच पडला तर ते संगत, म्हणून समान. त्याच्या समोर पडला तर व्युत्क्रम, तेही समान. त्याच्या शेजारी पडला तर बेरीज १८०. झालं. आठही कोनांतली कुठलीही जोडी घ्या, उत्तर या तिनांपैकीच एक येतं. नाव आठवलं नाही तरी समीकरण बरोबर मांडता येतं, नाव नंतर लिहा.

उदाहरणार्थ (४क्ष + १५)° आणि (२क्ष + ४५)° हे छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन आहेत. सरकवल्यावर पहिला दुसऱ्याच्या शेजारी पडतो. म्हणून ६क्ष + ६० = १८०, क्ष = २०, कोन ९५° आणि ८५°. व्युत्क्रम समजून समान धरले असते तर क्ष = १५ आणि दोन्ही कोन ७५°, पुन्हा एक सुटसुटीत चुकीचं उत्तर.

मात्र सरकवण्याला एक अट आहे: दोन्ही कोन एकाच छेदिकेवर असले पाहिजेत. ही अट मोडली जाते तेव्हाच्या चुका सर्वांत चिवट असतात, म्हणून हे उदाहरण जरा निवांत बघू.

रेषा ल वर आहे, रेषा म खाली, दोन्ही समांतर. ल वर बिंदू अ. म वर डावीकडे ब, उजवीकडे क आणि त्याच्याही उजवीकडे ड. अब आणि अक जोडले, त्रिकोण अबक झाला. बिंदू अ पाशी रेषा ल च्या डाव्या भागाने बाजू अब शी केलेला कोन (२क्ष + १०)°, ∠बअक = (क्ष + ३०)° आणि ∠अकड = (५क्ष − २०)°. क्ष काढा.

नेहमीची चूक अशी: अ पाशी डावीकडचा कोन आणि क पाशी उजवीकडचा कोन, दोन समांतर रेषांच्या मधे, विरुद्ध बाजूंना, म्हणजे व्युत्क्रमच. २क्ष + १० = ५क्ष − २०, क्ष = १०. कोन ३० आणि ३०. दिसायला काहीच खटकत नाही. पण पहिला कोन छेदिका अब ने केलेला आहे आणि दुसरा छेदिका अक ने. दोघांचा एकमेकांशी थेट संबंधच नाही. आकृतीत भरल्यावर ते उघडं पडतं: ∠अबक = ३०, ∠बअक = ४०, म्हणजे क पाशीचा बाह्यकोन ७० यायला हवा, इथे तर ३० आहे.

बरोबर वाट अशी. अब ही छेदिका धरून ∠अबक = २क्ष + १०, हे आंतरव्युत्क्रम कोन. आता समांतर रेषा विसरा आणि त्रिकोणात या. ∠अकड हा बाह्यकोन, तो दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेएवढा: ५क्ष − २० = (२क्ष + १०) + (क्ष + ३०) = ३क्ष + ४०. म्हणून क्ष = ३०. त्रिकोणाचे कोन ७०, ६०, ५० आणि बाह्यकोन १३०. न वापरलेलं नातं शिल्लक आहे, त्याने तपासू: अ पाशी उजवीकडचा कोन ∠अकब चा व्युत्क्रम, म्हणून ५०. रेषा ल वर अ पाशी ७० + ६० + ५० = १८०. आता खात्रीने पुढच्या उदाहरणाला जावं.

म्हणजे दोन कोनांमधलं नातं लिहिण्याआधी विचारायचं की या दोघांची कोणती भुजा एकाच रेषेवर आहे. संगत, व्युत्क्रम आणि आंतरकोनांच्या जोडीत छेदिका सामायिक असते. सामायिक रेषाच सापडत नसेल तर मधे तिसरा कोन घ्यावा लागणार हे निश्चित.

रेषा समांतर आहेत हे कुणी सांगितलं?

दोन रेषा दिसायला समांतर आहेत म्हणून संगत कोन समान धरणं, हा दुसरा जुना रोग. आकृतीत बाणाची खूण असेल किंवा मजकुरात दिलं असेल तरच समांतर, डोळ्यांना दिसतंय म्हणून नाही. छापलेल्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही, त्यामुळे कोनमापक लावून उत्तर ताडून बघणं हेही व्यर्थ.

विरुद्ध कोनांना आणि रेषीय जोडीला समांतर असण्याची गरज नाही, संगत आणि व्युत्क्रम कोनांच्या समानतेला आहे. ही विभागणी फार जुनी आहे. ग्रीक गणिती युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास 'एलिमेंट्स' या आपल्या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात प्रमेयं ज्या क्रमाने रचली, त्यात विरुद्ध कोनांचं प्रमेय १५ वं आहे. व्युत्क्रम कोन समान असतील तर रेषा समांतर, हे २७ वं. उलट बाजू, म्हणजे रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन समान, हे २९ वं, आणि समांतर रेषांविषयीचं पाचवं गृहीतक तो तिथे पहिल्यांदा वापरतो. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज त्यानंतर ३२ व्या प्रमेयात येते, कारण तीही समांतर रेषांवर उभी आहे.

उदाहरणात याचा परिणाम असा: 'क्ष ची किंमत किती असेल तर रेषा समांतर होतील?' असा प्रश्न असेल तर समीकरण तेच, पण कारण उलटं. तिथे 'रेषा समांतर, म्हणून संगत कोन समान' असं लिहिलं तर जे दाखवायचं तेच गृहीत धरल्यासारखं होतं. 'संगत कोन समान असतील तर रेषा समांतर होतील' ही कसोटी लिहायची.

त्रिकोणात अडकलात तर

इथे मुख्यतः दोनच ठिकाणी पाय घसरतो. बाह्यकोनाचं एक वर आलंच: तो दूरच्या दोन आंतरकोनांच्या बेरजेएवढा, शेजारच्याला त्यात घ्यायचं नाही. बाह्यकोन (५क्ष + १०)° आणि दूरस्थ आंतरकोन २क्ष° व ७०° असतील तर ५क्ष + १० = २क्ष + ७०, क्ष = २०, बाह्यकोन ११०°. कुणी तिघांची बेरीज १८० धरतं. मग ७क्ष = १०० येतं आणि क्ष पूर्णांकात मावत नाही. हे तिघे मुळात एका त्रिकोणाचे तीन कोन नाहीतच.

दुसरं ठिकाण समद्विभुज त्रिकोण. बाजू अब = बाजू अक असेल तर समान कोन ब आणि क हे असतात, समान बाजूंच्या समोरचे. ∠अ = २क्ष° आणि ∠ब = (क्ष + २०)° दिले असतील तर अ आणि ब समान धरायचा मोह होतो, कारण राशी दोनच दिसतात. त्याने क्ष = २० येतो, कोन ४०, ४०, १००, बेरीज चक्क १८०! त्रिकोणाची बेरीजसुद्धा ही चूक पकडत नाही. बरोबर समीकरण २क्ष + २(क्ष + २०) = १८०, क्ष = ३५, कोन ७०, ५५, ५५. इथे ताळा करताना समान बाजूंच्या खुणा बघाव्या लागतात. पहिल्या उत्तरात ४०° चे कोन अ आणि ब पाशी आले, म्हणजे अक आणि बक समान झाल्या, दिलेल्या होत्या अब आणि अक.

चौकोनांबद्दल एवढंच: समांतरभुज चौकोनात संमुख कोन समान, चक्रीय चौकोनात संमुख कोनांची बेरीज १८०. दोन्हीकडे 'संमुख कोन' येत असल्याने अदलाबदल होते. शिरोबिंदू वर्तुळावर आहेत का, हे आधी बघा.

१८० घेऊ की ३६०?

एका बिंदूपाशी किरणांनी केलेले तीन कोन आहेत: (क्ष + २०)°, (२क्ष + १०)° आणि (३क्ष − ३०)°. बेरीज ६क्ष. पूर्ण फेरी असेल तर क्ष = ६०, कोन ८०, १३०, १५०. सरळ रेषेच्या एका बाजूला असतील तर किरण चार लागतील, क्ष = ३०, कोन ५०, ७०, ६०. पुन्हा दोन्ही उत्तरं देखणी. ठरवायचं ते किरण मोजून: तीन कोनांना तीन किरण म्हणजे फेरी पूर्ण झाली, चार किरण आणि टोकाचे दोन परस्पर विरुद्ध दिशेचे म्हणजे सरळ कोन. विरुद्ध किरण आहेत हेसुद्धा दिलेलं हवं, जसं अ-ओ-ब असं लिहून किंवा 'रेषा अब' असं म्हणून. कोटिकोनांची बेरीज ९० आणि पूरक कोनांची १८० ही अदलाबदल मात्र केवळ विसराळूपणाची आहे, तिच्यावर वेगळा उपाय नाही.

क्ष ऋण आला

क्ष ऋण आला की उत्तर चूक, असं सरसकट मानलं जातं आणि ते बरोबर नाही. माप कोनाचं धन असावं लागतं, क्ष चं नाही. विरुद्ध कोन (२क्ष + ४०)° आणि (५क्ष + ७०)° असतील तर ३क्ष = −३०, क्ष = −१०, आणि दोन्ही कोन २०°. काहीही बिघडलेलं नाही. उलट (क्ष + २०)° आणि (३क्ष + ८०)° यांना विरुद्ध कोन धरलं तर क्ष = −३० आणि कोन −१०°. हे अशक्य, म्हणजे नातं चुकलं. रेषीय जोडी धरून बघा: ४क्ष + १०० = १८०, क्ष = २०, कोन ४०° आणि १४०°.

वर्गसमीकरण आलं तरी हीच कसोटी. रेषीय जोडीत क्ष²° आणि ८क्ष° असतील तर क्ष² + ८क्ष − १८० = ०, उकली १० आणि −१८. −१८ घेतल्यास एक कोन ३२४° आणि दुसरा ऋण, म्हणून ती सोडायची. पण विरुद्ध कोन क्ष²° आणि (६क्ष + ४०)° असतील तर उकली १० आणि −४, कोन १००° किंवा १६°. दोन्ही चालतात, दोन्ही लिहायच्या. ऋण दिसली की खोडायची, या सवयीने इथे अर्धं उत्तर जातं.

क्ष गायब झाला

याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. ४क्ष = ४क्ष + २० असं मांडलंत आणि ० = २० उरलं, तर ते नातं अशक्य आहे. ४क्ष° आणि (४क्ष + २०)° कधीच समान नसतील, बेरीज १८० मात्र होऊ शकते: क्ष = २०, कोन ८० आणि १००.

दुसऱ्या प्रकारात क्ष = क्ष किंवा ० = ० उरतं. इथे चूक काहीच नसते, फक्त एकच माहिती दोनदा वापरलेली असते. त्रिकोणाच्या बेरजेवरून तिसरा कोन १८० − ५क्ष लिहिला आणि मग पुन्हा तिन्ही कोनांची बेरीज १८० मांडली, तर दुसरं काय उरणार? दिलेल्या गोष्टींची यादी करून कोणती अजून वापरली नाही ते बघा. समांतर रेषा, समान बाजू, दुभाजक, काटकोनाची खूण, यांतलं काहीतरी तसंच पडलेलं असतं. तेच दुसरं समीकरण देतं.

दोन चलं असतील तेव्हाही अडकण्याचं कारण बहुधा क्रम असतो. दोन छेदणाऱ्या रेषांत ३क्ष° समोर (क्ष + ५०)° आणि शेजारी (य + १५)° आहे. पहिल्यांदाच ३क्ष + य + १५ = १८० मांडलं तर पुढे हलता येत नाही. ज्यात एकच चल आहे ते नातं आधी घ्या: ३क्ष = क्ष + ५०, क्ष = २५, कोन ७५. मग य + १५ = १०५, य = ९०.

नातंच दिसत नाही

दोन समांतर रेषा आणि त्यांच्या मधे वाकलेली एक वाट: वरच्या रेषेवर अ, खालच्या रेषेवर क, मधे डावीकडे बाहेर आलेलं टोक ब. ∠अबक = १००°, तो उजवीकडे उघडतो. अ पाशी रेषेच्या डाव्या भागाने अब शी केलेला कोन (क्ष + १०)°, क पाशी रेषेच्या डाव्या भागाने कब शी केलेला कोन २क्ष°. इथे दोन्ही समांतर रेषांना छेदणारी अशी छेदिकाच काढलेली नाही, म्हणून काही सुचत नाही. ब मधून दोन्ही रेषांना समांतर अशी तिसरी रेषा काढा. १००° चे दोन तुकडे होतात, वरचा अ पाशीच्या कोनाचा व्युत्क्रम आणि खालचा क पाशीच्या कोनाचा. (क्ष + १०) + २क्ष = १००, क्ष = ३०, तुकडे ४० आणि ६०. अ आणि क पाशीचे कोन रेषांच्या उजव्या भागाशी दिले असते, तर हे दोन आणि ब चा कोन मिळून ३६० झाले असते. सूत्र पाठ करणारे नेमके याच फरकावर आपटतात. रेषा काढून बघणाऱ्याला दोन्ही प्रकार सारखेच सोपे.

सगळं तपासलं, तरी जुळत नाही

मग शक्यता उरते ती उदाहरणच सदोष असण्याची. हे क्वचित होतं, पण होतं. ते सिद्ध करता यायला हवं, नुसतं म्हणून चालत नाही. दोन स्वतंत्र नात्यांवरून क्ष वेगवेगळा काढा. त्रिकोणाचे कोन २क्ष°, ३क्ष°, ४क्ष° दिलेत आणि ४क्ष° च्या शेजारचा बाह्यकोन (५क्ष + १०)° दिलाय असं समजा. आंतरकोनांच्या बेरजेवरून क्ष = २०, म्हणजे बाह्यकोन ११०° यायला हवा. दूरस्थ आंतरकोनांवरून तो ५क्ष, म्हणजे १००°. आणि थेट मांडलं तर ५क्ष + १० = ५क्ष, इथे क्ष गायब होऊन १० = ० उरतं. दिलेल्या माहितीतच विसंगती आहे. वहीत ही दोन्ही गणितं शेजारी-शेजारी लिहा, कोणती माहिती कोणत्या माहितीशी जुळत नाही ते एका ओळीत सांगा आणि पुढच्या उदाहरणाकडे वळा. छापलेल्या उत्तराशी मेळ बसावा म्हणून १० खोडून टाकू नका.